व्हिडिओ डाउनलोड करा, पण असे की नंतर सापडतील

पुतण्याचा लॅपटॉप परवा माझ्याकडे आला. तक्रार एवढीच, की ‘जागा संपलीय’. डाउनलोड्सचा फोल्डर उघडला तर आत ‘व्हिडिओप्लेबॅक’, ‘व्हिडिओप्लेबॅक १’, ‘व्हिडिओप्लेबॅक २’ अशी चौऱ्याहत्तरपर्यंतची रांग. त्यात तेच व्याख्यान तीनदा, आजीच्या पंचाहत्तरीची चित्रफीत दोनदा आणि एक फाइल जी उघडतच नाही. कोणत्या फाइलमध्ये काय आहे, हे त्याला एकेक चालवून पाहिल्याशिवाय सांगता येईना.

हे सगळीकडे दिसतं, आणि कारणही तेच असतं. लोक आधी डाउनलोड करतात, मग जागा शोधतात, मग कधीतरी नाव देऊ म्हणतात. क्रम उलटा करायचा आहे. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. तिसऱ्यावरून सुरुवात केलीत तर पहिल्याकडे परत यावं लागेल.

## टप्पा १ : काय घ्यायचं ते ठरवा

यादी कागदावर करा. तिच्यात तीन प्रकारची सामग्री बिनधास्त येऊ शकते.

पहिली, जी देणाऱ्यानेच डाउनलोडसाठी ठेवली आहे. आयआयटी आणि आयआयएससीच्या ‘एनपीटीईएल’ या उपक्रमाची व्याख्यानं, इंटरनेट आर्काइव्हवरचे खुले चित्रपट आणि माहितीपट, विकिमीडिया कॉमन्सवरच्या फिती. दुसरी, तुम्ही स्वतः यूट्यूबवर चढवलेले व्हिडिओ. क्लास घेणाऱ्या अनेक शिक्षकांकडे मूळ फाइल उरलेलीच नसते. तिसरी, घरची : फोनमधली, व्हॉट्सॲपवर आलेली, जुन्या सीडीवरची.

बाकीच्यांसाठी थोडं थांबा. यूट्यूबच्या अटींनुसार त्यांनी दिलेल्या बटणाशिवाय किंवा परवानगीशिवाय व्हिडिओ उतरवता येत नाही, आणि ॲपमधलं ‘ऑफलाइन’ म्हणजे तुमच्या मालकीची फाइल नव्हे. ती त्या ॲपमध्येच चालते आणि मुदत संपली की जाते. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी काही सवलत आहे, पण कुलूप लावलेली चित्रफीत ते कुलूप तोडून घेणं कलम ६५अ खाली गुन्हा ठरू शकतं. म्हणून ओटीटीवरच्या मालिकांचा विषय या लेखात नाही. जुन्या भारतीय चित्रपटांबाबत एक हिशेब लक्षात ठेवा : चित्रफितीवरचा हक्क प्रदर्शनाचं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं राहतो. १९६० सालचा चित्रपट त्या हिशेबाने २०२१ उजाडताच मोकळा झाला. कथा आणि संगीत यांचे हक्क मात्र वेगळे मोजले जातात.

## टप्पा २ : जागा तयार करा

नवी हार्ड डिस्क आणली की लगेच भरायला घेऊ नका. तीन गोष्टी आधी.

खरी क्षमता पाहा. १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी दाखवतं. ही फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. फसवणूक वेगळी असते. एकदा फुटपाथवरून मी स्वस्तात ५१२ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला. त्यावर ५१२ जीबी दिसायचेही. भरत गेलो तसतसे जुने व्हिडिओ बिघडत गेले, कारण आत चिप होती ३२ जीबीची आणि आकडा खोटा दाखवायची सोय केलेली होती. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्सवर ‘एफ३’ ही फुकट साधनं पूर्ण जागा भरून, परत वाचून पाहतात. एक रात्र लागते. लागू द्या.

फॉरमॅट बदला. बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये येतात. त्यात ४ जीबीहून मोठी एकही फाइल मावत नाही, मग ड्राइव्हवर ५० जीबी रिकामे का असेनात. ‘जागा आहे तरी कॉपी होत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. एक्सफॅट निवडा, विंडोज, मॅक, बहुतेक फोन आणि अलीकडचे टीव्ही तो वाचतात. विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटवर मॅक आपणहून लिहू शकत नाही.

> सावधान : फॉरमॅट करताना आधीचं सगळं पुसलं जातं. निवडलेल्या ड्राइव्हचं अक्षर दोनदा वाचा.

चार फोल्डर आत्ताच बनवा. ‘००_आवक’, ‘१०_शिक्षण’, ‘२०_चित्रपट’, ‘३०_घर’. एवढेच. पुढचे उपफोल्डर लागतील तसे होतील. आधीच पंचवीस फोल्डर बनवणाऱ्याचे वीस रिकामे राहतात, आणि पंचविसावा नेहमी ‘इतर’ असतो. त्याचंच पुढे अडगळीच्या खोलीत रूपांतर होतं.

या चारांत ‘आवक’ महत्त्वाचा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन डाउनलोडची जागा तिथे वळवा. बाजार समितीत माल आधी आवकेत उतरतो, तोलला जातो, मग पुढे जातो. तसंच. आवकेतून थेट काही पाहायचं नाही आणि तिथे काही मुक्कामाला ठेवायचं नाही.

## टप्पा ३ : किती मोठा घ्यायचा, याचं गणित

इथे लोक सर्वात जास्त डेटा वाया घालवतात. दिसेल तो सर्वात मोठा आकडा निवडतात.

सूत्र सोपं आहे. बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला लागणारा डेटा, मेगाबिटमध्ये घ्या, सेकंदांनी गुणा, ८ ने भागा, मेगाबाइट मिळतात. बिटरेट नेहमी सेकंदाला मोजतात, तासाला नव्हे. सेकंदाला २.५ मेगाबिटने एक तास म्हणजे २.५ × ३६०० ÷ ८, सुमारे १.१ जीबी. ०.८ मेगाबिटने तोच तास ३६० एमबी.

आता एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम घ्या आणि तो ३० तासांचा धरा. मोठ्या प्रतीत (२.५ मेगाबिट) सुमारे ३४ जीबी, लहान प्रतीत (०.८ मेगाबिट) ११. फळ्यावरचं लिखाण आणि स्लाइड ४८० पीमध्ये बहुधा वाचता येतात. बारीक सर्किट किंवा संगणकाचा कोड असेल तर ७२० पी घ्या. मोबाइलवर रोजचे दीड-दोन जीबी मिळणाऱ्यांना हा फरक आठवड्यांत मोजावा लागतो.

जुन्या टीव्हीवर यूएसबी लावून पाहायचं असेल तर एमपी४ फाइल, आत एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज, ही जोडी धरा. चित्र व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीचं किंवा आवाज ओपसचा असेल तर टीव्ही कधी नुसता आवाज देतो, कधी नुसतं चित्र. फाइलमध्ये नेमकं काय आहे ते ‘मीडियाइन्फो’ हे साधन सांगतं.

✔ तपासणी : एकच भाग डाउनलोड करा, ज्या यंत्रावर शेवटी पाहायचा त्यावरच चालवा. तो चालला तरच उरलेले लावा. साठ भाग उतरवून झाल्यावर टीव्हीला ते पचत नाहीत हे कळणं फार महाग पडतं.

## टप्पा ४ : प्रत्यक्ष डाउनलोड

संस्थेच्या संकेतस्थळावरून. बटण असेल तिथे बटणच वापरा. इंटरनेट आर्काइव्हवर एकाच चित्रपटाच्या अनेक फाइली असतात : एक मूळ चढवलेली, बाकी यंत्राने तयार केलेल्या लहान प्रती. संग्रहासाठी मूळ घ्या. तिथे टोरंटचाही, म्हणजे फाइल तुकड्यातुकड्याने उतरवण्याचा, पर्याय असतो. नेट मधेच जाणाऱ्या घरात तो बरा, कारण तुटलं तिथून पुढे चालू होतं आणि प्रत्येक तुकडा तपासला जातो.

स्वतःचे यूट्यूब व्हिडिओ. यूट्यूब स्टुडिओतलं डाउनलोड बटण सोयीचं आहे, पण ते ७२० पी किंवा ३६० पी प्रत देतं. सगळं एकदम हवं असेल तर ‘गूगल टेकआउट’ला, म्हणजे गूगलवरचं आपलं सगळं उतरवून घ्यायच्या सोयीला, जा. तिथे आधी सगळं निवडलेलं असतं. ते काढा आणि फक्त यूट्यूब, त्यातही फक्त व्हिडिओ ठेवा. नाहीतर मेल, नकाशे, फोटो असा सगळा संसार झिपमध्ये येईल. झिपचा आकार निवडता येतो. नेट कच्चं असेल तर २ जीबीचे तुकडे घ्या. दुव्याची मुदत साधारण आठवड्याची असते, तेव्हा ‘पुढच्या महिन्यात बघू’ चालणार नाही.

वायटी-डीएलपी. परवानगी असलेली मोठी यादी उतरवायची असेल तर हे आज्ञा देऊन चालवायचं फुकट साधन सर्वात भरवशाचं. सोबत ‘एफएफएमपेग’ बसवा. बऱ्याच ठिकाणी मोठ्या प्रतीचं चित्र आणि आवाज वेगवेगळे येतात आणि त्यांना जोडायचं काम हे दुसरं साधन करतं. ‘आवाजच नाही’ किंवा ‘दोन फाइली आल्या’ या तक्रारींचं मूळ इथे असतं. याच्या मदतपानावर तीन सोयी शोधून आधी चालू करा : उतरवलेल्यांची नोंदवही ठेवणारी, म्हणजे तोच भाग पुन्हा येत नाही, यादीतला क्रमांक नावात घालणारी, आणि वेगाला मर्यादा घालणारी, म्हणजे घरातल्या दुसऱ्याचा ऑनलाइन तास अडकत नाही. नावं ‘साधी’ करणारी सोय मात्र लावू नका. ती इंग्रजी अक्षरांपलीकडचं सगळं काढते आणि मराठी शीर्षकाच्या जागी नुसत्या अधोरेषा उरतात.

> सावधान : दुवा चिकटवा आणि डाउनलोड करा म्हणणाऱ्या संकेतस्थळांवर पाच हिरवी बटणं असतात, त्यातली चार जाहिराती. व्हिडिओ मागितला आणि ‘एक्सई’ किंवा ‘एपीके’ (ॲप बसवणारी फाइल) आली तर उघडू नका, पुसून टाका. विंडोज फाइलचं शेपूट, म्हणजे नावातल्या टिंबानंतरचा ‘एक्सई’सारखा भाग, लपवतं. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ते दिसेल असं करा, नाहीतर फसगत कळणारच नाही.

रात्री डाउनलोड लावून झोपणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. लॅपटॉप झोपला की डाउनलोडही झोपतं, म्हणून ‘स्लीप’ बंद करा. झाकण मिटल्यावर काय व्हावं हेही वेगळं सांगावं लागतं. आणि भारनियमनाच्या गावात लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. राउटरपुरता छोटा बॅकअप मिळतो, तो घ्या.

## टप्पा ५ : आवकेत तपासा

प्रत्येक फाइल अख्खी पाहायची गरज नाही. चार नजरा पुरतात.

१. आकार. तासाभराचा व्हिडिओ ४० केबीचा असेल तर तो व्हिडिओ नाही. चुकीच्या दुव्यावरचं वेबपान एमपी४ या नावाने उतरलं आहे.

२. लांबी. एक्सप्लोररमध्ये लांबीचा रकाना चालू करा आणि मूळ पानावरच्या मिनिटांशी ताडून बघा.

३. शेवटची दहा सेकंदं. अर्धवट फाइल सुरुवातीला अगदी छान चालते.

४. मधली एक जागा, आवाज लावून. ओठ आणि शब्द जुळतात ना?

शेवटी ‘पार्ट’ लागलेली फाइल अजून पूर्ण झालेली नाही. तिचं शेपूट बदलून ती पूर्ण होत नाही, हे मला वर्षातून एकदा तरी कुणाला तरी सांगावं लागतं. तीच आज्ञा पुन्हा द्या, बहुतेक वेळा उरलेला भाग येतो.

## टप्पा ६ : नाव

या टप्प्यावर घाई करू नका. फोल्डर चुकला तर फाइल हलवता येते, नाव चुकलं तर ती असून नसल्यासारखी.

साचा ठेवा : कुठला संच, कितवा, काय. ‘रसायन_आठ०३_व्या०२_बंधांचे प्रकार’ (‘आठ’ म्हणजे आठवडा, ‘व्या’ म्हणजे व्याख्यान). घरच्यासाठी तारीख पुढे : ‘२०१९-०९-०२_गणपती आगमन_नाशिक’. वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने, म्हणजे नावांची रांग आपोआप काळाची रांग होते. दिवस पुढे लिहिलात तर सगळ्या वर्षांतल्या २ तारखेच्या फाइली एकत्र बसतील.

एक-अंकी आकड्याआधी शून्य लावा. टीव्ही आणि गाडीतल्या प्लेअरना बहुधा अक्षरं कळतात, संख्या नाही. त्यांच्या लेखी १० हा २ च्या आधी येतो. अंक मराठी की इंग्रजी? इथे छापताना मराठी दिसत असले तरी फाइलच्या नावात मी इंग्रजीच वापरतो, कारण कॅमेरा आणि फोन तेच देतात. दोन्ही मिसळले की रांग मोडते.

आता मराठी नावांच्या खास अडचणी, ज्या इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाहीत.

लांबी. लिनक्सवर आणि अँड्रॉइड फोनच्या आतल्या साठ्यात नावाची मर्यादा २५५ बाइट असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार प्रत्येकी वेगळं चिन्ह. ‘विद्यार्थ्यांसाठी’ या एका शब्दात १७ चिन्हं आहेत, म्हणजे ५१ बाइट. असे पाच शब्द आले की मर्यादा भरली, एमपी४ ला जागा नाही. विंडोज अक्षरं मोजतं, त्यामुळे तिथे बनलेली फाइल फोनवर जाताना अडते आणि ‘नाव फार लांब’ असा संदेश येतो. साठ चिन्हांच्या आत राहा.

एकच दिसणारी दोन अक्षरं. ‘ॲप’मधला ॲ हे एकच चिन्ह असतं, काही कीबोर्डवर तो अ आणि वरचा चंद्र असा दोन चिन्हांनी उमटतो. डोळ्यांना सारखाच, शोधाला वेगळा. ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’मधल्या र्‍या-ऱ्याचंही तेच. शोधून मिळत नसेल तर शब्द हाताने टाइप करण्याऐवजी जुन्या नावातून उचलून शोधा. माझा उपाय आणखी सोपा आहे : प्रत्येक नावाच्या सुरुवातीला इंग्रजी लिपीतला तीन अक्षरी संकेत, जसा घरच्यांसाठी एक, रसायनासाठी दुसरा. मराठी चुकलं तरी संकेतावर ढीग तरी सापडतो.

विरामचिन्हं. प्रश्नचिन्ह, विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम, तिरकी रेघ, सरळ दुहेरी अवतरणचिन्ह आणि तारा विंडोजला चालत नाहीत. ‘पाऊस का पडतो?’ हे नाव ‘पाऊस का पडतो’ एवढंच ठेवा.

घरच्या चित्रफितींच्या तारखेत एक खोच आहे. एमपी४ च्या आत नोंदलेली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्याहून साडेपाच तास मागे. पहाटे साडेचारच्या काकडआरतीची नोंद त्यामुळे आदल्या दिवशी रात्री अकराची दिसते. पहाटे साडेपाचच्या आतलं चित्रीकरण असेल तर तारीख स्वतः तपासा. आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलच्या नावातली तारीख ती फाइल तुमच्या फोनवर आल्याची असते, कार्यक्रमाची नव्हे. दहा वर्षांपूर्वीच्या मुंजीचा व्हिडिओ मावशीने काल पाठवला तर नावात कालचीच तारीख असते.

व्हॉट्सॲपबद्दल आणखी एक : व्हिडिओ म्हणून पाठवलं की तो दाबला जातो (कॉम्प्रेस होतो), चेहरे पुसट होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, २ जीबीपर्यंत जातं.

## टप्पा ७ : जागेवर ठेवा, सोबत चिठ्ठी ठेवा

नाव झालं की आवकेतून हलवा. प्रत नाही, हलवा. नाहीतर दुबार प्रती तिथेच जन्मतात.

चित्रपटाला स्वतंत्र फोल्डर द्या, नाव आणि कंसात प्रदर्शनाचं वर्ष. ‘जेलीफिन’, ‘कोडी’ यांसारखे प्लेअर हाच साचा ओळखतात. उपशीर्षकाच्या फाइलला व्हिडिओचंच नाव हवं, फक्त शेपूट वेगळं. मराठी उपशीर्षकं प्रश्नचिन्हांसारखी दिसली तर ती नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ मध्ये जतन करा. इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसत असेल तर ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झालेली आहेत. त्यांना आधी फॉन्ट-परिवर्तक लागतो.

प्रत्येक संचाच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकूर-फाइल ठेवा : कुठून घेतलं, दुवा, कधी, कोणत्या परवान्याखाली. घरच्या फितीत कोण कोण आहे तेही त्यातच. ही नावं आज आजीला विचारली तर मिळतात.

> सावधान : जागा वाचवायला फाइली पुन्हा दाबू नका. प्रत्येक दाबणीत चित्र थोडं जातं आणि परत येत नाही. चित्र आणि आवाज एका डब्यात ठेवलेले असतात, जसा एमपी४ किंवा एमकेव्ही; टीव्हीला फक्त एमकेव्ही हा डबा चालत नसेल तर डबा बदलता येतो, आतलं चित्र न छेडता. एफएफएमपेग ते काही सेकंदांत करतं.

## टप्पा ८ : दुसरी प्रत, तिसरी प्रत

एका डिस्कवर असलेलं काहीही उद्या नसू शकतं. एनपीटीईएलची व्याख्यानं पुन्हा मिळतील, म्हणून त्यांची एकच प्रत असली तरी चालतं. ‘३०_घर’च्या मात्र तीन : एक लॅपटॉपवर, एक डिस्कवर, एक दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे. क्लाउडवर आपोआप जुळवणी चालू असेल तर तिला प्रत मानू नका. इथे चुकून पुसलं की ती तिथेही पुसते.

कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्क घ्या. तबकडीऐवजी चिपवर साठवणारी एसएसडी वेगवान आहे, पण वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिली तर तिच्यातला विद्युतभार ओसरू शकतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. कॉपी करताना ‘टेराकॉपी’सारखं साधन वापरा आणि त्यातली पडताळणी चालू ठेवा. डिस्क काढताना ‘सुरक्षित काढा’ म्हणा. दिवा लुकलुकायचा थांबला म्हणजे लिहून झालं असं नाही.

✔ तपासणी : दिवाळीच्या साफसफाईत डिस्क बाहेर काढा, वेगवेगळ्या फोल्डरांतले पाच व्हिडिओ मधूनच चालवून पाहा आणि डिस्कला चिकटवलेल्या पट्टीवर तारीख लिहा. एखादा अडखळला तर दुसऱ्या प्रतीतून तो आणा आणि त्या डिस्कवरचं उरलेलं सगळं त्याच आठवड्यात दुसरीकडे हलवा.